कर्ज नको, अर्ज करा

आज आम्ही शेळ्या, शिलाई मशीन किंवा बँकेचा हप्ता या विषयावर बोलणार नाही. आज बोलायचंय ते हुशार असूनही वाचता न येणाऱ्या लेकरांबद्दल, आणि त्यांना सरकारी निधीतून साधन कसं मिळवून द्यायचं त्याबद्दल. आमच्या बचत गटात हा विषय आला तो एका कर्जाच्या मागणीमुळे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये आमची बैठक होती. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं, १८,००० रुपये. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोरासाठी टॅब घ्यायचाय." त्यांचं आणि मुलाचं नाव आम्ही सांगणार नाही. लेकराचं सगळं आयुष्य अजून पुढं आहे. ताईंचं पेरणीचं कर्ज अजून फिटलं नव्हतं. पण तालुक्याहून एक विक्रेता घरी आला होता. "अभ्यासात कच्च्या मुलांना सहा महिन्यांत पुस्तक वाचायला लावतो," असं सांगून गेला होता. ताईंनी कानातले मोडायची तयारी केली होती. गटानं नाही दिलं तर सोनाराकडं जाणार होत्या.

मुलगा सहावीत गेला होता. तो कसा आहे ते सांगतो. लहान असताना तो आईबरोबर बैठकीला येऊन बसायचा. मागच्या महिन्यात कुणी किती बचत दिली, कुणाचा हप्ता राहिला, हे त्याला तोंडपाठ असायचं. डेअरीवर दूध घालायला तोच जातो. फॅट किती लागली, दर काय मिळाला, दहा दिवसांचं बिल किती होईल, हे तो रस्त्यातच हिशोब करून घरी सांगतो. पण डेअरीची तीच पावती हातात दिली तर वाचता येत नाही. पुस्तकातल्या एका ओळीला पाच मिनिटं लागतात. 'मगर' असलं तर 'गरम' वाचतो. घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळतो. काना, मात्रा, वेलांटी गळून पडतात. जोडाक्षर आलं की थांबतोच. ४७ लिहायला सांगितलं तर ७४ लिहितो.

आणि आम्ही काय म्हणत होतो? खरं तेच सांगतो. आम्हीही त्याला आळशी म्हणत होतो. "खेळायला बरं डोकं चालतं, अभ्यासाचं नाव काढलं की पोट दुखतं," असं आम्हीच बोललो आहोत. आईनं त्याला मारलं होतं. वह्या फाडल्या होत्या. पाचवीच्या शेवटी तो शाळेच्या नावानं निघायचा आणि ओढ्याकडं जाऊन बसायचा. वडील म्हणत होते, "नसेल जमत तर राहू दे, चार म्हशी वाढवू."

त्या बैठकीत आम्ही कर्ज नाकारलं नाही. एवढंच म्हटलं की, आधी तो टॅब काय करतो ते बघू. विक्रेत्याला बोलावलं. गटातल्या एका ताईंची मुलगी कॉलेजला जाते. तिनं सहावीचं मराठीचं पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "हे पान तुमच्या टॅबला वाचून दाखवायला सांगा." टॅबला ते येत नव्हतं. त्यात आधीच भरलेले धडे होते, तेही हिंदी आणि इंग्रजीत. शाळेचं पुस्तक त्याला वाचता येत नव्हतं. विक्रेता म्हणाला, "मराठी पुढं येणार आहे." मग आम्ही कर्ज थांबवलं.

ताई रडत उठून गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुमची पोरं वाचतात, म्हणून तुम्हाला हे सुचतंय." ते वाक्य आम्हाला लागलं. कर्ज थांबवायचा निर्णय बरोबर होता, पण नुसतं थांबवून भागणार नव्हतं. आपल्या दशसूत्रीत शिक्षण आहे आणि शासकीय योजनांचा लाभही आहे. ती दहा सूत्रं आपण बैठकीत म्हणतो. मग हे काम गटाचंच झालं ना? त्या दिवशी ठरवलं की या मुलाचं काम गटानं अंगावर घ्यायचं. दोघी जणी ताईंबरोबर सगळीकडं जातील आणि प्रवासखर्च गट करेल.

आम्ही पहिल्यांदा शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी सांगितलं की तालुक्याच्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षिका येतात. अनेक शाळा एकाच बाईंकडं असतात, त्यामुळं रोज येत नाहीत. त्या येणार होत्या त्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. त्यांनी मुलाला जवळ बसवलं. वाचायला, लिहायला लावलं. मग धडा स्वतः वाचून दाखवला आणि प्रश्न विचारले. वाचून एकही उत्तर न देणाऱ्या मुलानं ऐकून सगळी उत्तरं दिली. आई दाराशी उभी राहून बघत होती.

बाईंनी तेव्हा आम्हाला डिस्लेक्सिया म्हणजे काय ते समजावलं. ज्यांनी २००७ सालचा 'तारे जमीन पर' हा सिनेमा पाहिला असेल, त्यांना हा शब्द माहीत असेल. कायद्याच्या भाषेत याला 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' म्हणतात. वाचनात अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लिहिण्यात असेल तर डिस्ग्राफिया, गणितात असेल तर डिस्कॅल्क्युलिया. हा आजार नाही, त्यावर गोळी नाही. डोळे चांगले असतात, बुद्धी चांगली असते. अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी मेंदूत पटकन जुळत नाही. वेगळ्या पद्धतीनं शिकवलं, वेळ दिला, ऐकायची सोय केली, की ही मुलं शिकतात. आणि हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं.

हे शेवटचं वाक्य ताईंनी घरी सांगितलं. त्यावर मुलाचे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझंही असंच व्हायचं. मास्तर मारायचे म्हणून मी पाचवीत शाळा सोडली." लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण ताईंना हे माहीत नव्हतं.

आता कायद्याचं सांगतो, नीट ऐका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्या कायद्यात २१ आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. ज्यांच्या प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व आहे, अशा विद्यार्थ्यांना वयाच्या १८ वर्षांपर्यंत पुस्तकं, शिकण्याचं साहित्य आणि योग्य सहायक साधनं मोफत मिळावीत, असं या कायद्यात लिहिलंय. मोफत शिक्षणाचा हक्कही ६ ते १८ वर्षं असा आहे. अशी मुलं लवकर ओळखायची जबाबदारी शाळेवर टाकलेली आहे. म्हणजे आपण उपकार मागायला जात नाही. कायद्यात आहे ते मागायला जातो.

पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. आमच्या ताईंच्या घरी खरी अडचण इथंच आली. सासूबाई म्हणाल्या, "धडधाकट पोराला अपंगाचा शिक्का कशाला? उद्या लग्नात आड येईल." वडिलांनाही ते पटत नव्हतं. आम्ही घरी गेलो, पण वाद घातला नाही. विशेष शिक्षिकेनं सांगितलेलं सगळं त्यांच्यापुढं ठेवलं. प्रमाणपत्र असलं की दहावीला जास्त वेळ मिळतो. लेखनिक घेता येतो. डिस्कॅल्क्युलिया असेल तर कॅल्क्युलेटरची सवलत असते. साधन मागता येतं. मुलगा तिथंच बसला होता. तो म्हणाला, "पेपर कुणी वाचून दाखवला तर मी पास होईन." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग जा घेऊन."

प्रमाणपत्राची वाट कशी असते ते क्रमानं सांगतो. शक्य असेल तर लिहून घ्या.

पहिली पायरी शाळा. वर्गशिक्षकांना पडताळणी करायला सांगा. एनसीईआरटीनं 'प्रशस्त' नावाचं मोबाइल ॲप शाळांसाठी काढलंय. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची प्राथमिक तपासणीची यादी आहे. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्यांच्या तपासणीत अध्ययन अक्षमताही आहे. पथक येईल त्या दिवशी आईनं शाळेत हजर राहावं आणि स्वतः डॉक्टरांना सांगावं. मूल आपणहून सांगत नाही.

दुसरी पायरी डोळे आणि कान. आधी हे दोन्ही तपासून घ्या. काही वेळा चष्म्याचीच गरज असते. तसं असेल तर पुढचा त्रास वाचतो.

तिसरी पायरी जिल्हा रुग्णालय, आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते. अर्ज आधी स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. तो सेवा केंद्रातून भरता येतो. मुलाचं आधार कार्ड, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. शाळेचं पत्र, गेल्या दोन-तीन वर्षांच्या प्रगतिपुस्तकांच्या झेरॉक्स आणि वह्यांची काही पानं सोबत ठेवा. वह्या फाडू नका बायांनो, त्या चुकांच्या वह्या हाच आपला पुरावा असतो. आमच्या ताईंनी फाडलेल्या वह्यांमुळं आम्हाला नव्यानं लिहून घ्यावं लागलं.

तिथं बुद्धिमत्तेची चाचणी आणि वाचन-लेखन-गणिताची चाचणी होते. चाचणी मुलाच्या शिकण्याच्या भाषेत व्हायला हवी. मुलगा मराठी माध्यमाचा असेल तर इंग्रजीतली चाचणी घेऊन काय कळणार? हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' नावाची चाचणी तयार केली आहे, त्यात मराठीही आहे. म्हणून "मराठीतली चाचणी आहे ना?" असं विचारायला लाजू नका. या प्रमाणपत्रासाठी मुलाचं वय ८ वर्षं पूर्ण असावं लागतं. त्याआधी शाळेनं मदत सुरू करावी, पण प्रमाणपत्राची घाई करू नये.

आमच्या तिथं तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला मानसशास्त्रज्ञ नव्हते. दुसऱ्या खेपेला बुद्धिमत्तेची चाचणी झाली, बाकी राहिली. तिसऱ्या खेपेला पूर्ण झालं. काही ठिकाणी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पाठवतात. एक शिकलो ते सांगतो. निघण्याआधी फोन करून विचारा की अध्ययन अक्षमतेची तपासणी कोणत्या वारी होते. दिव्यांग तपासणीचा वार आणि मानसशास्त्रज्ञांचा वार वेगळा असू शकतो. एक मजुरी बुडाली तर घरात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आणि बाहेर एजंट भेटला तर त्याला पैसे देऊ नका. प्रमाणपत्राला सरकारी फी नाही.

जून ते नोव्हेंबर गेला. नोव्हेंबरात प्रमाणपत्र आलं, त्यावर ४० टक्के होते. त्यावरची मुदतही वाचून घ्या. काही प्रमाणपत्रं ठरावीक वयाला पुन्हा तपासून घ्यावी लागतात.

आता तुम्ही म्हणाल, पाच महिने पोरगं तसंच बसलं का? नाही. सगळ्यात महत्त्वाचं पुढं सांगतो आहोत. साधन येईपर्यंत थांबायचं नाही. घरातला साधा अँड्रॉइड मोबाइल हेच पहिलं साधन आहे.

कॉलेजला जाणाऱ्या त्या मुलीनं आम्हाला चार गोष्टी शिकवल्या. पहिली, मोबाइलमध्ये 'गुगल लेन्स' असतं. पुस्तकाच्या पानावर कॅमेरा धरायचा, ओळी निवडायच्या आणि 'ऐका' दाबायचं. मोबाइल ते पान मोठ्यानं वाचतो. आवाज ऐकू आला नाही, तर सेटिंगमध्ये मराठी आवाज उतरवून घ्यावा लागतो. उजेड चांगला लागतो, पान सपाट लागतं. जोडाक्षरांत तो मधेच चुकतो, हे मुलाला आधी सांगून ठेवा.

दुसरी, कीबोर्डवरचं माइकचं चित्र. ते दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. मुलगा उत्तर बोलतो, मोबाइल लिहितो, मग तो ते बघून वहीत उतरवतो.

तिसरी, 'रीड अलाँग' हे फुकट ॲप. त्यात मराठी गोष्टी आहेत. मूल वाचतं, दिया नावाची चित्रातली मुलगी ऐकते आणि अडलेला शब्द सांगते. चारचौघांत वाचायला लाजणारं पोर तिच्यापुढं लाजत नाही.

आणि चौथी गोष्ट सगळ्यात सोपी. मोबाइलच्या रेकॉर्डरवर आपणच धडा वाचून ठेवायचा. हे काम गटातल्या दोघींनी वाटून घेतलं, एकीनं इतिहास, एकीनं विज्ञान. मुलगा गोठ्यात काम करताना इतिहास ऐकायला लागला. ज्या आईला वाचता येत नाही, तिनं शेजारणीला सांगावं. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर मोफत उतरवून घेता येतात. शिवाय 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून सुरू आहे. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीच ते आहे, फक्त अंधांसाठी नाही. प्रमाणपत्र दाखवून सभासद होता येतं.

हे सगळं केल्यावर आमच्या लक्षात आलं की, मुलाला नक्की काय लागतं. मोबाइल वडिलांचा होता. ते कामावर गेले की मोबाइलही जायचा. स्क्रीन लहान होती. म्हणून मुलाचा स्वतःचा, मोठ्या स्क्रीनचा, मराठी वाचून दाखवणारा टॅब आणि हेडफोन, एवढीच आमची मागणी ठरली. जूनमध्ये घेणार होतो तो टॅब यापेक्षा महाग होता आणि कामाचा नव्हता. म्हणून साधन मागण्याआधी तुम्हीही करून बघा. काही ठिकाणी शब्दावर फिरवायचं वाचणारं पेन मिळतं. ते दाखवणाऱ्याला मराठीचं पुस्तक पुढं करा आणि वाचायला लावा.

आता पैशाचं बोलू. आम्हाला तीन दारं सापडली.

पहिलं दार शाळेचं. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यामागं वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते. ती रोख हातात मिळत नाही. साधनं, साहित्य आणि इतर सोयींसाठी ती असते. दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये, असे १० महिने प्रोत्साहन भत्ताही आहे. पण त्यासाठी मुलाचं नाव शाळेच्या यू-डायस नोंदीत दिव्यांग विद्यार्थी म्हणून आलेलं असावं लागतं. नोंद नसेल तर वर कुणालाच आपलं मूल दिसत नाही. मुख्याध्यापकांना विचारून खात्री करा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात. तिथं विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

दुसरं दार ग्रामपंचायतीचं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. समजा, गावाचं स्वतःचं उत्पन्न ४ लाख आहे, तर २०,००० रुपये दिव्यांगांचे झाले. गावातल्या सगळ्या दिव्यांगांत मिळून ते असतात, हे विसरायचं नाही.

तिसरं दार जिल्हा परिषदेचं. तिथंही दिव्यांगांसाठी ५ टक्क्यांचा निधी असतो. त्याची चौकशी समाजकल्याण विभागात करायची. केंद्र सरकारची ॲडिप ही साधनांची योजनाही आहे. तिला उत्पन्नाची अट असते, म्हणून तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

शाळेतून आम्हाला मोठ्या अक्षरांचं साहित्य आणि विशेष शिक्षिकेचा वेळ मिळाला. टॅब त्यात बसला नाही. मग आम्ही ग्रामपंचायतीकडं वळलो. खरं तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच आम्ही उठून बोललो होतो. "बघू, करू," असं उत्तर मिळालं होतं. पुढं कुणालाच आठवलं नाही, कारण कागदावर काहीच नव्हतं. ती चूक आमची.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी आम्ही लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घेतली. आदल्या महिला ग्रामसभेत विषय मांडला. मग मोठ्या ग्रामसभेत वाचन झालं. तेव्हा पायानं अधू असलेले गावातले एक काका उठले. म्हणाले, "याचे हातपाय धड आहेत, हा कसला दिव्यांग? मी तीन वर्षं सायकल मागतोय." सभेत शांतता झाली. आम्हालाही क्षणभर वाटलं की आपण काकांच्या ताटातलं ओढतोय.

मग मुलाची आई उभी राहिली. जन्मात कधी ग्रामसभेत बोलली नव्हती. म्हणाली, "काका, तुमचं आधी द्या. पण माझ्या लेकराचं दुखणं दिसत नाही म्हणून ते नाही, असं म्हणू नका. मीसुद्धा पाच वर्षं तसंच म्हटलं आणि त्याला मारलं." एवढं बोलून ती बसली.

त्यावर आम्ही एकच प्रश्न विचारला. गेल्या दोन वर्षांत ५ टक्के निधी किती जमला आणि किती खर्च झाला? हिशोब निघाला तेव्हा कळलं की बरीच रक्कम खर्चच झाली नव्हती. त्या दिवशी ठराव झाला, काकांची तीनचाकी सायकल आणि मुलाचा टॅब, दोन्ही. काका आता कुठंही भेटले की मुलाला विचारतात, "काय रे, आज कोणता धडा ऐकलास?"

अर्ज कसा लिहायचा ते सांगतो. भाषा साधी ठेवा. प्रति, सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी. विषय, दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून शैक्षणिक सहायक साधन मिळणेबाबत. मजकूर असा: "माझा मुलगा इयत्ता सहावीत शिकतो. त्यास विशिष्ट अध्ययन अक्षमता असून दिव्यांगत्व प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. त्यास छापील मजकूर वाचण्यास अडचण येते, परंतु ऐकून समजते. अभ्यासासाठी त्यास मराठी मजकूर वाचून दाखवणारा टॅब व हेडफोन आवश्यक आहे. तसे विशेष शिक्षिकेचे पत्र सोबत आहे. सदर साधन मंजूर करावे व झालेला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती." खाली सही किंवा अंगठा, तारीख, जोडलेल्या कागदांची यादी. विशेष शिक्षिकेचं पत्र विसरू नका. 'टॅब हवा' म्हटलं की लोकांना तो खेळ वाटतो. 'वाचून दाखवणारं साधन' म्हटलं आणि बाईंचं पत्र जोडलं की काम कळतं. शेवटची 'निर्णय लेखी कळवावा' ही ओळही गाळू नका. नकार आला तरी तो लेखी असला की वर दाद मागता येते. त्यासाठी पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

टॅब मार्चमध्ये मिळाला. ऐन परीक्षेच्या तोंडावर, म्हणून सहावीला त्याचा फार उपयोग झाला नाही. सहावीचे मार्क काही फार वाढले नाहीत. मुलगा अजूनही हळू वाचतो आणि पुढंही हळूच वाचेल. टॅब चुकीचं वाचतो तेव्हा वैतागतो. वर्गात हेडफोन घातला की दोन-चार पोरं चिडवतात. त्यावर गुरुजींनी एक केलं. एक दिवस सगळ्या वर्गाला टॅबवर धडा ऐकवला. दुसऱ्या दिवशी पोरंच टॅब मागायला लागली.

आता तो सातवीत आहे. ओढ्याकडं जाऊन बसत नाही. मागच्या बैठकीत आमच्या हिशोबनीस ताई आजारी होत्या. त्यानं टॅबला रजिस्टरचं पान दाखवलं. हातानं लिहिलेलं टॅबला नीट वाचता आलं नाही. मग एकीनं आकडे वाचले आणि यानं तोंडी बेरीज करून दिली. ती बरोबर निघाली. आईचं कर्ज, म्हणजे पेरणीचं तेवढं, वेळेत फिटलं. कानातले तिच्या कानातच आहेत.

मैत्रिणींनो, आमच्या गटानं आता बैठकीच्या रजिस्टरला एक पान वाढवलंय. गटातल्या प्रत्येक घरातलं शाळेत जाणारं मूल, त्याची इयत्ता आणि 'वाचता येतं का' हा एक रकाना. दर तीन महिन्यांनी विचारतो. त्यातून आणखी दोन मुलं पुढं आली. एकाला चष्मा लागला आणि वाचायला लागलं. दुसरी मुलगी तिसरीत आहे, ८ पूर्ण आहे, तिची तपासणी सुरू आहे. तिच्या आईनं अजून एकदाही तिला 'मठ्ठ' म्हटलेलं नाही. आमच्या गटात आता तो शब्द बंद आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, की विचारा, "कुणाचं लेकरू बोलायला हुशार आहे, पण वाचायला अडतं?" कुणीतरी मान खाली घालेल. तिच्याशी बैठक संपल्यावर बोला, चारचौघींत नको. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर शाळेत जा. आणि कुणी कर्ज मागितलं तर म्हणा, "थांब ताई, आधी अर्ज करू. आम्ही येतो बरोबर."